सासूबाई विसरतात, स्कॅन करायचा का?

पेण-रोह्याच्या बचत गटांतर्फे आज आम्ही स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, आणि मेंदूचा स्कॅन याबद्दल बोलणार आहोत.

गटाच्या बैठकीत प्रश्न येतो: सासूबाई सगळं विसरतात, डॉक्टरांनी स्कॅन सांगितलाय, कर्ज काढून करायचा का? कुणी म्हणतं वयच झालं, कुणी म्हणतं बाहेरची बाधा. यातच महिने जातात.

चष्मा कुठे ठेवला हे आपणही विसरतो. पण जन्मभर पोह्याचे पापड लाटणाऱ्या बाईला पिठात काय घालायचं तेच आठवेना, रोजची वाट चुकू लागली, तर ते नुसतं म्हातारपण नव्हे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजाने भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त आहे.

1906 मध्ये जर्मनीतल्या डॉ. अल्झायमर यांनी या आजाराची माहिती मांडली, तेव्हा त्यांना रुग्ण बाईचा मेंदू ती गेल्यावरच पाहता आला. 1971 मध्ये लंडनला रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. तेव्हापासून डोकं न उघडता आत पाहता येऊ लागलं.

तज्ज्ञ त्यात आधी शोधतात ते बरं होण्याजोगं कारण. पावसात शेवाळलेल्या अंगणात घसरून डोकं आपटलं, तेव्हा काही वाटलं नाही. पण कवटीखाली हळूहळू रक्त साचतं आणि काही आठवड्यांनी माणूस गोंधळल्यासारखा वागतो. सीटीमध्ये ते दिसतं, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली तर माणूस सुधारू शकतो. मेंदूतली गाठ, साचलेलं पाणी, झटक्यांच्या खुणाही कळतात. एमआरआय जास्त बारकाईने दाखवतो. आठवणींचं काम करणारा भाग आक्रसलाय का, तेही त्यात पाहतात.

पण स्कॅन म्हणजे अंतिम निकाल नव्हे. सुरुवातीला स्कॅन साफ येऊनही आजार असू शकतो. वयाने थोडा मेंदू सगळ्यांचाच आक्रसतो. म्हणून डॉक्टर प्रश्न विचारून स्मरणशक्ती तपासतात, रक्तात बी-12 आणि थायरॉइड पाहतात, आणि घरच्यांना विचारतात. ही माहिती आपल्याकडेच असते. कधीपासून विसरतात, काय विसरतात, कुठे पडल्या होत्या का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे गटाच्या हिशोबासारखं वहीत लिहून न्या.

कर्ज काढण्याआधी पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. स्कॅन खरंच हवा का, सरकारी रुग्णालयात कुठे होईल, योजनेत बसेल का, हे तिथेच विचारा. एमआरआयच्या वेळी मंगळसूत्र, बांगड्या, पिना काढाव्या लागतात. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. मशीनचा आवाज मोठा असतो, तेव्हा सासूबाईंना नीट समजावून न्या. आणि एखाद्या दिवशी अचानक भ्रम झाला, बोलणं अडखळलं, तर थांबू नका, 108 ला फोन करा.

अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. तरी कारण कळलं, की जे बरं होतं त्यावर उपचार होतात. आणि जे होत नाही, तिथे निदान म्हातारीला "मुद्दाम करते" म्हणून बोलणी खावी लागत नाहीत.