बोली लपवू नका

भिलाईकरांनो, पुण्यातल्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला अल्ताफ म्हणजेच रॅपर एमसी स्टॅन. आधी कव्वाली, मग रॅप. 2020 मध्ये ‘तडीपार’ अल्बम आला. 2023 मध्ये तो ‘बिग बॉस 16’ जिंकला. वस्तीची बोली मात्र त्याने सोडली नाही. ‘शेमडी’ हा आपला शब्द त्याच्यामुळे देशभर गेला.

तुमच्या शेजारच्या गनियारीच्या तीजनबाईंनी आधीच हे करून दाखवलं. बायकांनी पंडवानी बसून गायची, असा रिवाज होता. त्या तंबोरा घेऊन उभ्या राहिल्या, छत्तीसगढीतच गायल्या. 2019 मध्ये पद्मविभूषण मिळालं.

मुलांनो, तुमची छत्तीसगढी मिसळलेली मराठी ऐकून पुण्याचे नातेवाईक हसतात? हसू द्या. पहिला ट्रॅक त्याच मराठीत करा.