डॉक्टरांनी किती चौकशी करावी?



खारबावात कुणाची माहिती काढायची तर लांब जावे लागत नाही. स्टेशनात वसई-दिवा गाडीची वाट पाहत दोघे बसले, की तिसऱ्याची हकीकत आपोआप निघते. हल्ली तेच काम मोबाईल करतो. नाव घातले की फोटो, सोयरीक, भांडण, सारे पुढ्यात.

समजा, एका तरुणाला झोप येत नाही, जीव कशात रमत नाही. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, म्हणून ‘ठाण्याला पाठवा’ ही आपल्याकडे थट्टाच झाली. ती सोसून तो मनाच्या डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर रात्री मोबाईलवर त्याचे नाव शोधतात आणि पुढच्या भेटीत सहज म्हणतात, “तुमचे लग्न मोडले ना?” पोरगा गप्प होतो. हे तर त्याने सांगितलेच नव्हते! पुन्हा तो येईल का?

तुम्ही म्हणाल, माहिती उघडीच होती, मग बिघडले कुठे? मंडळी, दुखणे कधी आणि किती उघड करायचे, हे दुखणेकऱ्याने ठरवायचे. शिवाय पाटील, भोईर, म्हात्रे आपल्याकडे घरोघर. भलत्याचेच भांडण याच्या माथी बसायचे!

मात्र रोग्याने जीव द्यायची भाषा केली आणि तो सापडेनासा झाला, तर शोध घेणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच. एरवी आधी त्याला विचारावे, लागल्यास त्याच्यासोबत बसून पाहावे. पाहून झालेच असेल, तर तसे सांगून टाकावे. शोध कुणाच्या भल्यासाठी, रोग्याच्या की आपल्या कुतूहलाच्या, हा प्रश्न आधी स्वतःला करावा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २३ रोग्याची गोष्ट बाहेर फोडू देत नाही. जिवाला धोका असला, तर तेवढ्यापुरती सूट आहे. पण डॉक्टरांनी मोबाईलवर काय धुंडाळावे, हे कायदा सांगत नाही. ते ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाने ठरायचे.

गुरुजी, वर्गातले पोर एकाएकी मुके झाले, तर तुम्हीही शेजाऱ्यांना विचारण्याआधी त्यालाच जवळ घ्या. मदत हवी वाटली, तर टेली-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

विचारल्याने माणूस जवळ येतो, चोरून पाहिल्याने दुरावतो. एवढे सांगून आपली रजा घेतो. नमस्कार.