आमच्या लहानपणचें येवलें
(महोत्सवाच्या सायंकाळच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची आपली रीत आहे. ज्यांनीं पाया घातला त्यांचें स्मरण करावें, जे निघून गेले त्यांच्यासाठीं प्रार्थना करावी, आणि जें मिळालें त्याबद्दल देवाचे उपकार मानावे, हें योग्यच आहे. परंतु आमच्या वांट्यास आलेला विषय पूर्वजांचा नसून आमच्याच पिढीचा आहे. १९७० सालाच्या आसपास जन्मलेलीं, आणि १९८० ते १९९० या दहा वर्षांत येवल्यांत व भोंवतालच्या खेड्यांत वाढलेलीं आम्ही मुलें आज पन्नाशी ओलांडून बसलों आहों. दोघे समवयस्क एकत्र आले कीं, "काय ते दिवस होते!" हा उद्गार निघाल्यावांचून राहत नाहीं. त्या दिवसांत खरोखर काय होतें, काय नव्हतें, आणि त्यांतून पुढच्या पिढीच्या हातीं काय द्यावयाचें, याचा विचार आपल्यापुढें मांडावा, एवढाच आमचा हेतु आहे.

येवल्याचा संसार तेव्हां धाग्यावर चालत असे, आणि पुष्कळ अंशीं आजहि चालतो. गल्लीगल्लींतून पैठणीचे व पीतांबराचे माग होते. माग जमिनींतील खड्ड्यांत बसविलेला. त्या खड्ड्यांत पाय सोडून, पावडी दाबीत, विणकर दिवस उगवल्यापासून बसलेला असे, आणि त्याच्या धोट्याचा खटखट आवाज हेंच आम्हां मुलांचें घड्याळ होतें. पदरावरील मोर, मुनिया, आसावलीची वेल यांस प्रत्येक रंगाची कांडी निराळी लागते, आणि एका रंगाचा धागा दुसऱ्याच्या धाग्यांत हातानें अडकवून नक्षी उभी करावी लागते. म्हणूनच ती उलट व सुलट दोन्ही बाजूंनीं सारखी दिसते. भरगच्च पदराची पैठणी असली तर महिन्यांमागून महिने जात. शाळा सुटली कीं विणकरांचीं मुलें दप्तर खुंटीला लावून रहाटापाशीं बसत. रेशमाची लड हलक्या आसारीवर चढवावी आणि तिच्यावरून रहाटाच्या साहाय्यानें कांडी भरावी, हें घरांतील लहान हातांचें काम. ज्यांच्या घरीं माग नव्हता तीं आम्ही मुलें ओट्यावर बसून पाहत असूं. बोट-दोन बोटें विणून झाल्यावर दोष दिसला तर तेवढें उसवून पुन्हां विणण्यावांचून गत्यंतर नसे. संयमाची व्याख्या आम्हांस कोणीं सांगितली नाहीं. संयम आम्हीं त्या खड्ड्याच्या कांठावर बसून डोळ्यांनीं पाहिला.

आसारी हा शब्द येवलेकराच्या कानावर पडला म्हणजे त्याचें मन एकदम गच्चीवर जातें. पतंगाचा दोर गुंडाळण्याच्या आमच्या साधनाचें नांवहि आसारीच. दुसऱ्या गांवचे लोक फिरकी वापरतात. येवल्याचा पतंग मात्र आसारीवरच चढावयाचा. जें नांव बापाच्या पोटापाण्याचें, तेंच मुलाच्या खेळाचें, असा योग फार थोड्या गांवांस लाभला असेल. भोगी, संक्रांत व करीदिन असे तीन दिवस सगळें गांव छपरांवर व माळवदांवर वसतीस जाई. हलकडीचा ताल घुमे, तिळगूळ एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाई, आणि पतंग कापला गेला कीं शंभर कंठांतून एकच आरोळी उठे. सुती दोऱ्यास कांचेची पूड व रंग लावून मांजा घरींच सुतला जाई. त्यानें बोटें कापत हें खरें, परंतु ज्याचीं बोटें कापत त्याला दोर केव्हां सोडावा हें कळत असे. पुढें न तुटणारा नायलॉनचा मांजा आला. त्यानें पक्ष्यांचे पंख व वाटसरूंचे गळे कापले जाऊं लागले, आणि अखेर जुलै २०१७ मध्यें राष्ट्रीय हरित लवादास त्यावर देशभर बंदी घालावी लागली. ही बंदी पाळवून घेणें हें एकट्या पोलिसांचें काम नव्हे. मुलाच्या हातीं आसारी देणाऱ्या बापाचें तें पहिलें काम आहे.

करमणुकीचीं साधनें तेव्हां मोजकीं होतीं, आणि मोजकीं म्हणूनच तीं सर्वांचीं होतीं. चांदोबा किंवा किशोरचा एक अंक आळींतील दहा घरें हिंडून, कोपरे झिजवून परत येई. २५ जून १९८३ रोजीं भारतानें १८३ धावांवर सामना राखून वेस्ट इंडीजला १४० धावांत गुंडाळलें आणि क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. ती वार्ता रेडिओ असलेल्या घरांतून निघाली आणि दिवा मालवलेल्या घरांपर्यंत पोंचली. १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळीं दूरदर्शन रंगीत झालें होतें. परंतु आमच्या आळ्यांतून टीव्हीची पेटी असलेलें घर बोटांवर मोजावें असेंच होतें. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं 'रामायण' दिसूं लागलें, आणि त्याच्या मागोमाग २ ऑक्टोबर १९८८ पासून 'महाभारत'. त्या वेळीं रस्ते ओस पडत आणि एका घराच्या उंबऱ्याबाहेर चाळीस जोडी चपला दिसत. रविवारचा मिस्सा आणि मालिकेची वेळ यांची गांठ पडूं लागली, तेव्हां समारोपाचें गीत आम्ही मुलें किती घाईनें म्हणत असूं, हें त्या काळच्या धर्मगुरूंच्या ध्यानांत आल्यावांचून राहिलें नसेल. त्यांनीं तें हंसून सोडून दिलें असावें.

पत्र हें त्या काळीं माणसाच्या जिव्हाळ्याचें माप होतें. निळसर आंतरदेशीय पत्राच्या कडेपर्यंत मजकूर भरलेला असे, आणि पाठीवर ४२३४०१ हा आमचा पिनकोड मोठ्या अक्षरांत घातला जाई. तार आली कीं मात्र वाचण्यापूर्वींच घरांत रडें सुरू होई, कारण आनंदाची तार क्वचितच येई. ती तारसेवा जुलै २०१३ मध्यें देशांतून कायमची बंद झाली. वीस पैशांचें षट्कोनी नाणें मुठींत धरून आम्ही लिमलेटच्या गोळ्या घ्यावयास धांवत असूं. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे व त्याखालील नाणीं चलनांतूनहि गेलीं. आजच्या मुलास तीं दाखविलीं तर तें त्यांस शिवकालीन समजेल!

आपल्या धर्मजीवनांतहि तें दशक महत्त्वाचें ठरलें. सप्टेंबरांत हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेस जावयाचें म्हणजे भाकरीचें गांठोडें, एस. टी.ची गर्दी आणि रात्रभर चालणारीं भजनें. १९०३ सालापासून चालत आलेला 'निरोप्या' ज्या घरीं येई, त्या घरचें माणूस तो मोठ्यानें वाची आणि शेजारीं ऐकत. फेब्रुवारी १९८६ मध्यें पोप दुसरे जॉन पॉल भारतांत आले व पुण्यासहि त्यांचे पाय लागले. ज्यांस जाणें जमलें त्यांनीं तें वर्णन पुढें कित्येक महिने पुरवून पुरवून सांगितलें. आणि १५ मे १९८७ रोजीं पुणें धर्मप्रांतांतून नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण होऊन बिशप थॉमस भालेराव त्याचे पहिले महागुरु झाले. आपल्याच जिल्ह्याच्या नांवाचा धर्मप्रांत झाला याचा अर्थ आम्हां मुलांस फारसा कळला नाहीं. घरच्या वृद्धांचे डोळे मात्र पाणावलेले आम्हीं पाहिले.

बंधुभगिनींनो, येथवरचें सारें ऐकावयास गोड आहे, आणि तें खरेंहि आहे. परंतु तें अर्धेंच सत्य आहे, आणि अर्धें सत्य महोत्सवाच्या व्यासपीठावरून सांगून थांबणें आपणांस शोभणार नाहीं.

आमचा तालुका अवर्षणाचा. उन्हाळा आला कीं पाण्यासाठीं पहाटे तीन वाजतां उठून रांगेंत उभें राहावें लागे. उभें कोण राही? आई राही, थोरली बहीण राही. आम्ही मुलगे उठत असूं तेव्हां घागर भरलेली दिसे. ती कोणीं व कोठून भरली हें विचारण्याची गरज आम्हांस भासत नसे. ज्या रहाटाचें वर्णन आतां मोठ्या कौतुकानें केलें, त्याच रहाटाच्या पायीं कित्येक मुलींची शाळा चौथींत किंवा सातवींत सुटली. भावाचें दप्तर खुंटीला लागे तें दुसऱ्या दिवशीं पुन्हां काढण्यासाठीं; बहिणीचें लागे तें लागे.

आमच्या प्रत्येक वर्गांत एखादें तरी मूल पोलिओनें पाय लुळा पडलेलें असे. पतंगाच्या मागें धांवणाऱ्या पोरांकडे तें ओट्यावरून पाहत बसे. पुढें १९९५ सालापासून घरोघर व केंद्राकेंद्रांवर लसीचे दोन थेंब पाजण्याची मोहीम चालली. भारतांतला या रोगाचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें आढळला, आणि मार्च २०१४ मध्यें आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. आजच्या येवल्यांतील मुलास तो लुळा पाय ठाऊक नाहीं. हें ज्याच्या ध्यानांत आहे तो "ते दिवस परत यावे" असें सहजासहजीं म्हणणार नाहीं.

आणखी एक गोष्ट. आमचें गांव तात्या टोप्यांचें जन्मगांव म्हणून प्रसिद्ध आहे, तसेंच तें दुसऱ्या एका उद्गारासाठींहि प्रसिद्ध आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येथल्याच परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं, आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, ही घोषणा केली. ज्या गांवानें ती घोषणा ऐकली, त्या गांवास "जुने दिवस सर्वांनाच सुखाचे होते" असें म्हणण्याचा अधिकार नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनीं वेगळा पाणवठा व वेगळी कपबशी पाहिलेली आहे. आमच्या काळापर्यंत त्यांतील पुष्कळसें कागदावरून नाहींसें झालें होतें, परंतु मनांतून गेलें नव्हतें. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें २७ जुलै १९७८ रोजीं केला, आणि तें नांव प्रत्यक्ष लागलें १४ जानेवारी १९९४ रोजीं, ऐन संक्रांतीच्या दिवशीं. आमचें सारें बालपण या दोन तारखांच्या मधोमध गेलें. एक नांव पाटीवर लागावयास साडेपंधरा वर्षें लागलीं, आणि त्यापायीं शेजारच्या जिल्ह्यांत माणसें मेलीं, घरें जळलीं. चाळीस जोडी चपला एका उंबऱ्यावर होत्या हें खरें; परंतु त्या उंबऱ्याच्या आंत कोण बसलें आणि खिडकीबाहेर कोण उभें राहिलें, हेंहि आठवावयास हवें.

मग त्या दिवसांचें करावयाचें काय? टाकून द्यावे काय? नाहीं. विणकर पदरांत दोष दिसला म्हणून सगळी पैठणी फाडीत नाहीं. तो दोषापुरतें उसवतो आणि चांगला धागा राखून पुढें विणतो. आपणहि तसेंच करावें.

राखावयाचा पहिला धागा उघड्या दाराचा. तेव्हां शेजारधर्म हा गरजेपोटीं होता. वस्तु कमी होत्या म्हणून वाटून घ्याव्या लागत. आतां वस्तु घरोघर आहेत, म्हणून गरज संपली आणि दारेंहि लागलीं. गरज नसतां उघडलेलें दार हेंच खऱ्या प्रीतीचें दार होय. आपल्या परिसरांत मुलें परगांवीं गेल्यामुळें एकटीं राहिलेलीं वृद्ध माणसें कोणकोण आहेत, याची यादी करावयास फार श्रम लागणार नाहींत. ज्यांच्या ओट्यावर आम्ही खेळलों, त्यांच्या ओट्यावर आठवड्यांतून एकदां जाऊन बसावें.

दुसरा धागा हाताच्या संयमाचा. सुटीच्या दिवसांत आपल्या मुलांस एकदां मागापाशीं न्यावें. त्यांनीं विणकर व्हावें असा आग्रह नाहीं. परंतु बोटभर कापड किती वेळांत होतें हें त्यांनीं पाहावें, म्हणजे मोर पदरावर आपोआप बसत नाहीं हें त्यांस कळेल, आणि त्या कारागिराशीं दामासाठीं घासाघीस करतांना त्यांची जीभ अडखळेल.

तिसरा धागा ऐकण्याचा. हातांत मोबाईल धरून बसलेल्या नातवाला आपण रागें भरतों. रागें भरण्यापूर्वीं आठवावें कीं, मिस्सा संपतो न संपतो तोंच टीव्हीकडे धांवणारीं तीं मुलें आम्हीच होतों, आणि त्या वेळींहि वडील मंडळींनीं "पिढी बिघडली" असाच सूर काढला होता. पिढी बिघडली नाहीं. परंतु आमच्या वेळीं पेटीसमोर आजीहि आमच्या शेजारीं बसलेली असे; आज मूल त्या पडद्यासमोर एकटें आहे. त्याच्या हातून यंत्र ओढून घेण्यापेक्षां त्याच्या शेजारीं जाऊन बसणें अधिक कठीण आहे आणि अधिक उपयोगी आहे.

शेवटची विनंती भगिनींसाठीं, किंबहुना भगिनींविषयीं आहे. महोत्सवाच्या निमित्तानें घरोघरच्या आठवणी लिहून काढण्याचें काम तरुणांनीं हातीं घ्यावें, आणि आरंभ घरांतील वृद्ध स्त्रियांपासून करावा. पाण्याच्या रांगेंत पहाटे उभ्या राहिलेल्या, रहाटापायीं शाळा सोडलेल्या त्या बहिणींस कोणीं कधीं विचारलें नाहीं कीं, बाई, तुझे ते दिवस कसे होते? आमच्या आठवणींचा पदर त्यांच्या ताण्यावर विणलेला आहे. ताणा पदरांत दिसत नाहीं, पण तो काढून घेतला तर मोर, मुनिया व वेल सगळींच गळून पडतील. त्या हयात आहेत तोंवर त्यांचें बोलणें ऐकून घ्यावें आणि त्यांचे आभार मानावे. पुढच्या महोत्सवापर्यंत त्यांतील कितीजणी राहतील हें परमेश्वरालाच ठाऊक.