दहावीनंतरची वाट : एक खेळ
(शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : पुढे काय? उत्तर बहुधा चार दिवसांत, एखाद्या नातेवाइकाच्या शब्दावर ठरते. मुलगा हुशार असेल तर सायन्स, नसेल तर मामाच्या गॅरेजात. मुलगी असेल तर 'आता पुरे'. ज्याच्या आयुष्याचा हा निर्णय, त्याला कोणी विचारीत नाही. विचारले तरी त्याला सांगता येत नाही, कारण निवड करण्याची सवयच त्याला लागलेली नसते. ही सवय नववीच्या वर्गात खेळातून लावता येईल, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

खेळातून शिकविणे ही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. सापशिडी मूळची या देशातलीच. 'शतरंज-उल-आरिफीन' हे तिचे सूफी रूप. त्याच्या पटावर साधकाच्या वाटचालीतील टप्पे मांडलेले असत. भावी आयुष्याची आखणी शिकविणारा 'लाइफ करिअर' हा खेळ अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सरेन बूकॉक यांनी 1960 च्या दशकात तयार केला. त्यात मुलांचा गट एका काल्पनिक व्यक्तीचे आयुष्य हाती घेतो, तिचा वेळ शिक्षण, नोकरी, घर व करमणूक यांत वाटून देतो. एक फेरी म्हणजे एक वर्ष. परिणाम ठरतात ते खऱ्या आकडेवारीच्या तक्त्यांवरून.

असा खेळ आपल्याला पुठ्ठा, कात्री आणि चिंचोके एवढ्यावर करता येईल. चार मुलांच्या गटाला एक चिठ्ठी द्यावी : 'सलमा. दहावीला 62 टक्के. विज्ञान आवडते. वडील रिक्षा चालवितात. धाकटी भावंडे दोन.' सोबत दहा चिंचोके. हा सलमाचा वेळ. अभ्यासाला किती, घरकामाला किती, शिवणकामाच्या कमाईला किती, हे गटाने ठरवावे. मग दैवाची चिठ्ठी उचलावी : 'वडिलांना अपघात, दोन महिने रिक्षा बंद.' आता सलमाने काय करावे? स्वतःविषयी बोलताना लाजणारी मुले सलमाविषयी मात्र भांडभांडून बोलतात. काल्पनिक नावाचा उपयोग तो हाच.

खेळ रचताना काही पथ्ये पाळावीत. चिठ्ठीवरील माहिती खरी हवी. अकरावी-बारावी सायन्सनंतर डी. फार्मसी दोन वर्षांची, दहावीनंतरची तंत्रनिकेतनाची पदविका तीन वर्षांची, आय.टी.आय.चा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. फी आणि एस.टी.चे भाडे जवळच्या गावाचे लिहावे, आणि नियम बदलतात म्हणून दर जूनमध्ये सर्व चिठ्ठ्या तपासाव्यात.

दुसरे, सापापुढे शिडी हवीच. 'खेळ संपला' अशी चिठ्ठी एकही नको. आय.टी.आय. केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात, आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. एकदा चुकलेली वाट पुन्हा सापडते, हे मुलाला पटावर दिसले पाहिजे.

तिसरे, जास्त पैसे मिळविणारा जिंकला असा हिशेब नसावा. शेवटी प्रत्येक गटाने आपला निर्णय वर्गापुढे उभे राहून सांगावा. कारण देता आले, की खेळ साधला.

हा खेळ म्हणजे कलचाचणी नव्हे. कोणी काय व्हावे हे तो सांगणार नाही. तो फक्त विचारावयास शिकवील.

म्हणून माझी विनंती अशी. प्रत्येक शाळेने यंदा असा एक संच तयार करावा. आपलेच माजी विद्यार्थी, मग कोणी परिचारिका असेल, कोणी औषधविक्रेता, कोणी आखातात काम करून परतलेला फिटर, यांच्याकडून चिठ्ठ्या तपासून घ्याव्यात. आणि पालकसभेत एकदा वडिलांच्या हाती सलमाची चिठ्ठी द्यावी. परक्या मुलीसाठी दहा चिंचोके वाटताना त्यांना आपल्या लेकीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.