मालमोटारीतला हरवलेला गारवा

पुण्याहून निघून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी अशी मजल मारीत येणारी मालमोटार नेलमंगला ओलांडते, तेव्हा ती बंगळूरच्या हवेत शिरते. समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर वसलेल्या ह्या शहराची हवा सौम्य म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु आसनाखाली तापलेले इंजिन, समोर उन्हाने भाजलेली काच आणि यशवंतपूरच्या ट्रक टर्मिनलकडे मुंगीच्या पावलांनी सरकणारी रांग, ह्यांच्या कचाट्यात सापडलेल्या चालकाला त्या कीर्तीचा फारसा उपयोग होत नाही.

हा ताप त्याच्या एकट्याचा नाही. उकाड्याने शिणलेल्या माणसाची नजर मंदावते, हात क्षणभर उशिरा हलतो आणि त्या क्षणाची किंमत रस्त्यावरील इतरांनाही मोजावी लागते. साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाची जी मालमोटार 1 ऑक्टोबर 2025 पासून पुढे तयार होईल, तिच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केला. तत्पूर्वीच्या गाड्यांना हा नियम लागू नाही. त्यांपैकी काहींच्या मालकांनी मागाहून ही यंत्रणा बसवून घेतली. कॉम्प्रेसर एका गाडीचा, कंडेन्सर दुसरीचा, नळ्या हाताने बेतलेल्या. अशा गाडीतला गारवा हरपला, म्हणजे कोणता भाग बदलावा हा प्रश्न भल्याभल्या मिस्त्रींची परीक्षा पाहतो.

ही यंत्रणा थंडी निर्माण करीत नाही. ती केबिनमधली उष्णता उचलते आणि बाहेर नेऊन टाकते. पट्ट्याच्या जोरावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये तो दाबलेला गॅस उष्णता टाकून द्रवरूप होतो. ड्रायर त्यातला ओलावा शोषतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो द्रव कूलिंग कॉइलमध्ये उतरतो, तेथे त्याची वाफ होते आणि ती होताना केबिनमधली उष्णता ओढून घेतली जाते. ह्या साखळीतली कोणतीही कडी निखळली, तरी चालकाला कळते ते एकच, की वारा येतो पण गार येत नाही. लक्षण एक आणि कारणे अनेक, हीच ह्या दुरुस्तीतली खरी अडचण.

उतावळा कारागीर अशा वेळी सर्वांत महाग भागाकडे, म्हणजे कॉम्प्रेसरकडे बोट दाखवतो. जाणता कारागीर आधी कान देतो. बटण दाबताच चुंबकीय क्लचचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही, तर क्लचच्या कॉइलपर्यंत वीज पोहोचते की नाही, हे चाचणीच्या दिव्याने पाहावे. वीज पोहोचूनही क्लच धरत नसेल, तर दोष कॉइलचा किंवा झिजून वाढलेल्या फटीचा. वीजच पोहोचत नसेल, तर फ्यूज, रिले आणि दाबाचा स्विच तपासावा. गॅस कमी झाला की हा स्विच आपण होऊन वीज तोडतो. तेव्हा स्विच नादुरुस्त नसतो, तो आपले राखणदारीचे काम करीत असतो.

क्लच धरूनही गारवा नसेल, तर दोन मापकांची साक्ष घ्यावी. दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल, तर बहुधा गॅस गळाला आहे. येणाऱ्या बाजूचा दाब जास्त व जाणाऱ्या बाजूचा कमी असेल, तर कॉम्प्रेसर थकला आहे. दोन्ही चढलेले असतील, तर कंडेन्सर धुळीने बुजला आहे, पंखा बंद आहे किंवा गॅस अधिक भरला गेला आहे. येणाऱ्या बाजूचा काटा शून्याखाली उतरू लागला, तर व्हॉल्व्ह तुंबल्याचा संशय घ्यावा. गळती शोधायला तेलकट डाग हा उत्तम वाटाड्या असतो, कारण गॅससोबत तेलही वाहत असते. पुष्कळदा सारा दोष सांध्यातल्या एका रबरी कड्याचा निघतो.

भाग निश्चित झाल्यावर पावले जयचामराजेंद्र रस्त्याकडे, म्हणजे बंगळूरच्या जे. सी. रोडकडे वळतात. वाहनांच्या सुट्या भागांसाठी हा रस्ता प्रसिद्ध आहे. तेथे गाडीचे नाव व साल सांगून भागत नाही. मागाहून बसवलेल्या यंत्रणेचे कूळ गाडीच्या कुळाशी जुळेलच असे नाही. जुना भाग हाती घेऊन जाणे, त्यावरच्या पट्टीचा क्रमांक वाचणे, पुलीच्या खाचा मोजणे, नळ्यांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत हे ताडणे, एवढे तरी केलेच पाहिजे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विजेचा. अवजड मालमोटारी सहसा 24 व्होल्टवर चालतात, मोटारगाड्या 12 वर. बाहेरून जुळी भासणारी 12 व्होल्टची कॉइल अशा मालमोटारीत बसवली, तर ती तापून जळते आणि मिस्त्री पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

भाग बदलण्यापूर्वी उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यावा, हवेत सोडू नये. ओझोनच्या थराला घातक ठरलेल्या आर-12 ह्या जुन्या गॅसवर 1987 च्या माँट्रियल करारापासून बंधने आली आणि आर-134ए त्याच्या जागी आला. तो ओझोनला उपद्रव देत नाही. परंतु पृथ्वी तापवण्यात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. शिवाय जुन्या गॅसचे तेल नव्याला चालत नाही. यंत्रणा उघडली की ड्रायर नवा घालावा, कडी तेलात भिजवून बसवावी आणि मग पंपाने आतली हवा व ओलावा पूर्ण ओढून घ्यावा. येथे बंगळूरची उंची आपले अस्तित्व जाणवून देते. मुंबईत पूर्ण निर्वाताला 30 इंचांच्या जवळ जाणारा काटा येथे 27 च्या आसपासच थांबतो, कारण बाहेरच्या हवेचाच दाब कमी. हे न जाणणारा माणूस चांगल्या पंपाला दोष देतो. काटा किती खाली गेला ह्याइतकेच, पंप बंद केल्यावर तो तेथे स्थिर राहिला का, हे पाहणे अगत्याचे. तो स्थिर राहिला, तरच गॅस भरावा, आणि तो वजन करून.

ह्या साऱ्याला अर्धा दिवस जातो, आणि उभी गाडी भाडे कमवीत नाही. म्हणून ‘नुसता गॅस भरून द्या’ असे चालक म्हणतो, त्यात त्याची विवंचना असते. पण गळती तशीच ठेवून भरलेला गॅस पुढच्या काही फेऱ्यांत आकाशात जातो, आणि कदाचित चित्रदुर्गाच्या उन्हात, दुरुस्तीचे गाव मागे पडल्यावर, केबिन पुन्हा तापू लागते. चार आण्यांच्या कड्यासाठी हजारोंचा कॉम्प्रेसर बदलणे आणि कडे न शोधता गॅस भरत राहणे, ह्या दोन्ही चुकांचे मूळ एकच: उत्तराची घाई. जुन्या गाडीला नव्या भागाआधी लागतो तो शांतपणे विचारलेला प्रश्न. त्याचे उत्तर मिळाले, की पाना फिरवायला फारसा वेळ लागत नाही.