आधी धड, मग पाऊल
(आरोग्य व्याख्यानाचा मजकूर)



घरातील कर्त्या माणसास पक्षाघाताचा झटका आला की भेटीस येणारा प्रत्येक आप्त विचारतो, ‘हात हलतो का? पाय उचलतो का?’ रुग्णास आधाराविना बसता येते का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. वस्तुतः पुढील चालणे-फिरणे बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

गादीवर बसलेला व्यापारी बाजूच्या फळीवरील कापडाचा तागा ओढतो, तेव्हा काम केवळ हाताचे दिसते. परंतु निरोगी माणसात हात उचलण्यापूर्वीच पोटाचे खोल स्नायू आवळले जाऊन धड सावरलेले असते. ऑस्ट्रेलियातील हॉजेस व रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये हे प्रयोगाने दाखविले. पोट, पाठ, कंबर व श्वासपटल यांच्या या स्नायुसमूहास ‘कोअर’ म्हणतात. पक्षाघातात हात-पाय एका बाजूचे लुळे पडतात. धड मात्र दोन्ही बाजूंनी दुर्बल होऊ शकते, कारण त्यास मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळतात.

स्पेनमधील ८० रुग्णांच्या एका अभ्यासात (२०१६) निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांखेरीज रोज १५ मिनिटे, आठवड्यास ५ दिवस, असे ५ आठवडे धडाचे व्यायाम देण्यात आले. त्यांचा बैठकीतील तोल इतरांपेक्षा अधिक सुधारला. उभे राहणे व चालणे यांतही लाभ दिसला. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा ६८ चाचण्यांचा विचार झाला. कल अनुकूल आहे. मात्र पुराव्याचा दर्जा अद्याप भक्कम नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

व्यायाम साधेच आहेत. उताणे झोपून, गुडघे मोडून कंबर हळूहळू उचलणे. पाय जमिनीस टेकवून बसणे, शरीराचा भार एका बाजूकडून दुसरीकडे नेणे, पुढे व बाजूला ठेवलेल्या वस्तूपर्यंत हात पोहोचविणे. श्वास रोखू नये, दुबळ्या हातास धरून रुग्णास ओढू नये आणि आरंभ फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच व्हावा. घाईही घातक ठरते. झटक्यानंतर २४ तासांच्या आत वारंवार व अधिक प्रमाणात हालचाल करविल्याने लाभ न होता परिणाम काहीसे वाईटच झाले, असे २१०४ रुग्णांच्या ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत (२०१५) आढळले. म्हणून वेळ व मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

घाईइतकाच दुसरा शत्रू म्हणजे अतिप्रेम. चहूबाजूंनी तक्के लावले जातात, घास भरविला जातो, कूस बदलण्याचेही श्रम रुग्णास पडू दिले जात नाहीत. हेतू निर्मळ असतो. पण तक्क्याने जे काम केले, ते धडाने पुन्हा शिकायचे राहून जाते. पाण्याचा पेला तोंडाशी नेण्याऐवजी, डॉक्टरांची अनुमती असल्यास, हातभर अंतरावर ठेवावा आणि पडू नये म्हणून शेजारी दक्ष राहावे. हीच खरी शुश्रूषा होय.

जिनशासनात वैयावृत्त्य, अर्थात सेवा, हे आभ्यंतर तप मानले आहे. तप म्हटले की धीर आलाच. ज्या श्रावकाने वर्षानुवर्षे ४८ मिनिटांचे सामायिक एका आसनावर केले, त्यास दोन मिनिटे आधाराविना बसता येणे हाही मोठा विजय वाटतो. त्या दोन मिनिटांची तीन मिनिटे होईपर्यंत कुटुंबाने धीर सोडू नये. पाऊल त्यानंतरच पडते.