भाकरी, उसळ आणि इन्शुलिन

माण, खटाव, आटपाडी व जत हा मुलूख कमी पावसाचा. तेथील पानांत पूर्वापार शाळूची भाकरी, मटकीची उसळ, ठेचा आणि ताक. कृष्णाकांठ मात्र उसाचा. आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी दुष्काळी माळांवरहि नेलें. ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु सुबत्तेबरोबर पानहि बदलतें. पोळी, भात, बटाटा आणि गोड चहा यांची भर पडते व अंगमेहनत घटते. याचा शरीरावर काय परिणाम होतो, हें आज पाहूं.

पिष्टमय अन्नाची पचनानंतर साखर होऊन ती रक्तांत येते. स्वादुपिंडांतून स्रवणारें इन्शुलिन तिला स्नायूंत व यकृतांत सामावून घेववितें. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं हें द्रव्य मिळविलें. पुढें १९३६ सालीं हिम्सवर्थ या इंग्रज वैद्यानें दाखविलें कीं, कित्येक मधुमेह्यांचें शरीर इन्शुलिनला पुरेशी दादच देत नाहीं. यकृतांत व स्नायूंत चरबी सांचली कीं असें घडतें. मग स्वादुपिंड अधिक इन्शुलिन स्रवतें. वर्षानुवर्षें रक्ताची तपासणी निर्दोष येते, आणि अखेर तें थकतें.

सडपातळ माणसानेंहि यांत निश्चिंत राहूं नये. शेजारच्या पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून गर्भवती स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडांतील बालकांचें ३.५ किलो. पण उणे होते ते मुख्यतः स्नायु. चरबी फारशी उणी नव्हती. ज्या मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होतें, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षींच इन्शुलिनला विरोध अधिक आढळला. ब-१२ मिळतें दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांतून. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला भाकरी व आमटीचें पाणीच उरत असेल, तर त्याची झळ पुढच्या पिढीलाहि पोहोंचूं शकते.

मग पुन्हा ज्वारीकडे वळलें म्हणजे झालें काय? तेवढ्यानें भागत नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ सालीं प्रसिद्ध झाले. आपली सुमारें ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असें त्यांत दिसलें. पिष्टाचें प्रमाण तेंच ठेवून नुसतें धान्य बदलल्यानें मधुमेहाचा संभव घटलेला दिसला नाहीं. त्यांतील ५ टक्के ऊर्जेच्या जागीं कडधान्यें वा दूधदुभतें यांतील प्रथिनें आलीं असतां मात्र तो कमी दिसला. शंभर भाग ज्वारींत सुमारें ७० भाग पिष्ट व १० भाग प्रथिन असतें. मटकींत प्रथिन जवळजवळ दुप्पट.

म्हणून भाकरी सोडूं नये. दोनाची दीड करावी, आणि उसळ वाटीभर वाढावी. उसळ व पालेभाजी आधीं, भाकरी मागून खावी. जेवणानंतर थोडें चालावें, कारण हलणारे स्नायु इन्शुलिनच्या मदतीवांचूनहि साखर ओढून घेतात. औषध वा इन्शुलिन घेणाऱ्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून जेवणांत बदल करूं नये; साखर एकाएकीं उतरण्याचा धोका असतो. आणि उसळ, दहीं, दूध वाढतांना घरांतील गर्भवती सुनेचें वा लेकीचें पान प्रथम वाढावें. एवढें तरी प्रत्येक घराला आजपासून करतां येईल.